शिव्यांनी संघ सुधारतो का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात भारताच्या लालियनझुआला छांगटेने चौदाव्या मिनिटाला गोल केला, तेव्हा भारतासाठी आशियाई चषकाचा रस्ता अजून उघडा होता. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी साधली, उत्तरार्धात त्यानेच आणखी एक गोल मारला, आणि १-२ अशा पराभवासह २०२७च्या स्पर्धेचा विषय संपला. महिनाभराने ढाक्यात बांगलादेशानेही १-० असे हरवले. जुलै २०२३मध्ये जागतिक क्रमवारीत ९९वा असलेला भारत १४२व्या क्रमांकावर घसरला.

मग जे व्हायचे ते झाले. बंद करा हा खेळ, यांना पगार कशाला देता, त्यापेक्षा गल्लीतली पोरं बरी खेळतात. या रागाला मी नावे ठेवत नाही. सामना पाहणाऱ्यालाच राग येतो. पण त्या रागाच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला जातो तो तपासण्यासारखा आहे. लाड केल्याने संघ बिघडतो, चांगले फटकारले की सुधारतो, आणि हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, असे लोक सांगतात. गंमत म्हणजे डोळ्यांनी खरोखरच तसे दिसते.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांपुढे बोलत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस लवकर शिकतो, असे त्यांनी सांगताच एका अनुभवी प्रशिक्षकाने हरकत घेतली. उत्तम कसरत केलेल्या वैमानिकाचे कौतुक केले की पुढच्या खेपेला तो हमखास वाईट करतो, आणि वाईट करणाऱ्याला झापले की पुढची कसरत सुधारते, असा त्याचा अनुभव होता. निरीक्षण अचूक होते, निष्कर्ष मात्र चुकीचा. काहनेमन यांनी तिथेच जमिनीवर खूण करून प्रत्येकाला पाठमोरे उभे केले आणि मागे न पाहता दोन नाणी फेकायला लावली. ज्यांचे पहिले नाणे खुणेच्या अगदी जवळ पडले, त्यांचे दुसरे बहुतेक वेळा लांब गेले. ज्यांचे पहिले लांब गेले, त्यांचे दुसरे जवळ आले. नाण्यांना कोणी झापले नव्हते.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. कोणत्याही कामगिरीत कौशल्याबरोबर नशिबाचा वाटा असेल, तर फार वाईट निकालानंतर बहुधा थोडा बरा निकाल येतो आणि फार चांगल्यानंतर थोडा उणा. आपण झापतो ते वाईट निकालानंतर, कौतुक करतो ते चांगल्या निकालानंतर. त्यामुळे झापणे लागू पडल्यासारखे आणि कौतुक बाधल्यासारखे वाटत राहते.

फुटबॉलमध्ये हा भ्रम अधिक पक्का होतो, कारण इथे गोल फार कमी होतात. २०२२च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनसुद्धा नाहीत. बास्केटबॉलमध्ये शंभर-शंभर गुण होतात, तेव्हा नशीब दोन्हीकडे वाटले जाते आणि शेवटी बहुतेक वेळा सरस संघच पुढे राहतो. फुटबॉलमध्ये एक चेंडू खांबाला लागून आत जातो की बाहेर, यावर सगळे ठरू शकते. समजा, एका संघाची ताकद सामन्याला सरासरी दीड गोलाची आहे आणि दुसऱ्याची एका गोलाची. गोल कधी होतील हे निव्वळ यादृच्छिक धरून साधे गणित केले, तर दुबळा संघ चारांपैकी एक सामना जिंकतो आणि आणखी एक बरोबरीत सोडवतो. दुबळ्याच्या पाठीराख्यांसाठी ही चांगली बातमी आहे. पण त्याचा अर्थ असाही की एका निकालावरून संघाची प्रत ठरवणे म्हणजे शिताऐवजी वाफेवरून भाताची परीक्षा करणे.

प्रशिक्षक बदलण्याचा हुकमी उपायही याच सापळ्यातला. नेदरलँड्समधल्या व्यावसायिक लीगच्या सुमारे दोन दशकांच्या नोंदी तपासताना अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनी एक युक्ती केली. प्रशिक्षकाला काढल्यावर संघ सुधारतो एवढेच न पाहता, तेवढीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला त्या संघांशी त्यांनी तुलना केली. तेही तितकेच सुधारले होते. आपल्याकडे जून २०२४मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच गेले, वर्षभराने मानोलो मार्केझ गेले, ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईकरांना चांगले परिचित असलेले खालिद जमील आले. सप्टेंबरमध्ये त्यांच्या संघाने मध्य आशियातल्या स्पर्धेत क्रमवारीत बराच वर असलेल्या ओमानला बरोबरीनंतरच्या पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक पटकावला, तेव्हा देशी प्रशिक्षकाचा जयजयकार झाला. ऑक्टोबरमध्ये त्याच माणसाला काही कळत नाही असे ठरले. पाच आठवड्यांत कोणाचे ज्ञान इतके आटत नाही.

मात्र सरासरीच्या या नियमाआड सगळेच लपवता येणार नाही. दोन वर्षांत ९९वरून १४२ ही घसरण दोन-चार चेंडूंच्या नशिबाची नाही. इथे सरासरीच खाली सरकली आहे. जानेवारी २०२४मध्ये कतारला झालेल्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल करू शकला नाही. जुलै २०२५मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून देशातली मुख्य स्पर्धा असलेली इंडियन सुपर लीगच थांबवली गेली, म्हणजे खेळाडूंना पुढचा हंगाम कधी सुरू होणार हेच ठाऊक नव्हते. त्याआधी २०२२मध्ये फिफा या जागतिक संघटनेने भारतीय फुटबॉल महासंघाला काही दिवस निलंबितही केले होते. याबद्दल महासंघाला धारेवर धरणे म्हणजे संघाची साथ सोडणे नव्हे. उलट ते पाठीराख्यांनीच करायला हवे, कारण इतरांना त्याचे सोयरसुतक नसते. माझा आक्षेप आहे तो मैदानावरच्या अकरा जणांची हुर्यो उडवल्याने ते चांगले खेळू लागतील या समजुतीला.

त्याबाबतचा सर्वांत बोलका पुरावा पेनल्टींच्या अभ्यासातून येतो. नॉर्वेचे क्रीडा-मानसशास्त्रज्ञ गेयर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांतल्या पेनल्टींच्या चित्रफिती वर्षानुवर्षे तपासल्या. इंग्लंडचे खेळाडू रेफ्रीची शिट्टी वाजताच घाईघाईने चेंडू मारून मोकळे होत, जणू तो क्षण एकदाचा संपवायचा आहे, असे त्यांना दिसले. पुढच्या एका अभ्यासातला निष्कर्ष अधिक विचित्र आहे. ज्या देशाचा संघ याआधी पेनल्टींवर हरला आहे, त्याचे खेळाडू पुढच्या वेळी जास्त चुकतात, आणि त्यात आधीच्या पराभवाच्या वेळी संघात नसलेले खेळाडूही आले. म्हणजे पराभव त्यांनी स्वतः अनुभवलेला नसतो, तो त्यांच्या कानांवर पडलेला असतो. वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून, घरच्यांच्या बोलण्यातून. १९९० ते २०१२ या काळात इंग्लंड मोठ्या स्पर्धांत सहा वेळा असे हरले आणि दर वेळी चुकलेल्या खेळाडूंची देशभर शोभा झाली.

१९९६मध्ये चुकलेले गॅरेथ साउथगेट पुढे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी पेनल्टी हे सरावाचे काम मानले. २०१८मध्ये कोलंबियाला हरवून इंग्लंडने विश्वचषकातली ही परीक्षा पहिल्यांदा जिंकली. मग २०२१ची युरो स्पर्धेची अंतिम लढत आली. रॅशफोर्ड, सांचो आणि १९ वर्षांचा साका चुकले आणि तिघांवर वर्णद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. पुढे मँचेस्टरमध्ये रॅशफोर्डच्या भित्तिचित्राची विटंबना झाली, तेव्हा लोकांनी त्यावर चिठ्ठ्या चिकटवून ते झाकून टाकले. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडविरुद्ध साका पुन्हा पेनल्टी मारायला गेला आणि त्याने गोल केला. इंग्लंडने पाचही पेनल्टी साधल्या. यातला किती भाग सरावाचा आणि किती पाठिंब्याचा हे वेगळे काढता येत नाही, पण शिव्यांचा वाटा शोधूनही सापडणे कठीण.

स्टँडमध्ये बसून ओरडण्याने प्रत्यक्ष काय होते? अनेक वर्षे हे मोजणे अवघड होते, कारण प्रेक्षक काढून घेऊन प्रयोग करणार कोण? २००२मध्ये ॲलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी चाळीस रेफ्रींना एका सामन्याची चित्रफीत दाखवली, काहींना गर्दीच्या आवाजासह, उरलेल्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. मग २०२० साली करोनाने तो अशक्य प्रयोग घडवून आणला. रिकाम्या मैदानांवर यजमानांचा वरचष्मा अनेक लीगमध्ये कमी झाला आणि पाहुण्यांना जास्त पिवळी कार्डे दाखवण्याची रेफ्रींची सवयही ओसरली. म्हणजे गर्दीचा परिणाम खेळाडूंच्या छातीत भरणाऱ्या वाऱ्याइतकाच, कदाचित त्याहून जास्त, रेफ्रीच्या मनावर होतो. पाठीराख्यांना हे फारसे रोमांचक वाटणार नाही, पण गोल त्यानेही होतात.

अपवादही आहेत. १९६२च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत एका भारतीय पदाधिकाऱ्याच्या वक्तव्यावरून यजमान खवळले होते. अंतिम सामन्यात प्रचंड गर्दी भारताविरुद्ध ओरडत असताना पी. के. बॅनर्जी आणि जखमी जर्नेलसिंग यांच्या गोलांनी दक्षिण कोरिया २-१ असा हरला. त्या दिवशी भारताला प्रोत्साहन देणाऱ्या मोजक्या लोकांत पाकिस्तानचा हॉकी संघ होता म्हणतात. एका सामन्याने काही सिद्ध होत नाही, पण तो सांगायचा मोह आवरत नाही.

आता पाठीराख्यांच्या बाजूने पाहू. हरणाऱ्या संघाला धरून राहणे महाग पडते. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या हजारो लोकांच्या मोबाइलवरून त्या-त्या क्षणीची मनःस्थिती नोंदवली, तेव्हा पराभवाचे दुःख विजयाच्या आनंदाच्या सुमारे दुप्पट भरले. इतका तोट्याचा सौदा टाळायला मन पळवाटा काढते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७०च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांत पाहिले की संघ जिंकला की सोमवारी जास्त विद्यार्थी विद्यापीठाचे कपडे घालून येतात. त्यांचा खरा शोध पुढचा होता. ज्यांना आधी एका चाचणीत नापास झाल्याचे सांगितले होते, ते जिंकलेल्या संघाशी स्वतःला आणखी जोडून घेत. उसन्या तेजाची गरज ज्याचे स्वतःचे तेज कमी पडते त्यालाच जास्त.

यावरून २०१८च्या अंधेरीचे कोडेही उलगडते. १ जूनला मुंबई फुटबॉल अरेनामध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० असे लोळवले, कर्णधार सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि प्रेक्षक होते जेमतेम अडीच हजार. म्हणजे जिंकल्यावर लोक येतात हेही पूर्ण खरे नाही. ज्या विजयाचा दुसऱ्यापुढे तोरा मिरवता येत नाही, त्याला गर्दी होत नाही. छेत्रीने चित्रफितीतून हात जोडले. टीका करा, शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या, असा त्याचा आशय होता. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याच्या शंभराव्या सामन्याला पावसातही मैदान भरले आणि भारत ३-० असा जिंकला.

जे पळत नाहीत त्यांचे काय? मार्था न्यूसन आणि हार्वी व्हाइटहाउस या संशोधकांनी इंग्लिश प्रीमियर लीगच्या चाहत्यांची तुलना केली. सतत हरणाऱ्या क्लबांचे चाहते यशस्वी क्लबांच्या चाहत्यांपेक्षा एकमेकांशी जास्त घट्ट बांधलेले निघाले. एकत्र भोगलेले दुःख माणसांना जोडते, असे त्यांचे म्हणणे. मला इथे थोडी शंका येते. कच्चे चाहते आधीच निघून गेले असतील, तर उरलेले घट्ट दिसणारच; दुःखाने त्यांना घट्ट केले की ते मुळातच घट्ट होते म्हणून दुःखात टिकले, हे एका वेळच्या प्रश्नावलीवरून ठरत नाही.

आणि या सगळ्या गदारोळात भारताचा दुसरा एक राष्ट्रीय संघ आहे. जानेवारी २०२२मध्ये नवी मुंबईत घरच्याच आशियाई चषकात करोनामुळे पुरेशा खेळाडू उभ्या करता न आल्याने महिला संघाला स्पर्धा सोडावी लागली होती. ५ जुलै २०२५ रोजी चियांग माई इथे या संघाने यजमान थायलंडला २-१ असे हरवले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषक गाठण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. फटकारल्याने संघ सुधारत असते, तर ज्यांना फटकारायलाही कोणी फिरकत नाही अशा या मुली सर्वांत मागे असायला हव्या होत्या.