बीएआरसीची ओसीईएस निवड: रसायनवाल्यांनो, आधी दाखला बघा

रसायनात एमएस्सी झालेली आपली गडचिरोली, आरमोरी, कुरखेड्याकडची हुशार पोरं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या (बीएआरसी) ओसीईएस या वर्षभराच्या प्रशिक्षणाला अर्ज करतात आणि दाखल्यापायी बाद होतात. म्हणून हे लिहितोय.

पात्रता थोडक्यात: एमएस्सीला किमान 60 टक्के. अलीकडच्या जाहिरातींत वयोमर्यादा 1 ऑगस्टला खुल्या गटासाठी 26, ओबीसी 29, एससी-एसटी 31 अशी आहे. ऑनलाइन परीक्षा किंवा गेटच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात.

ओबीसी पोरांचं अडतं ते नॉन-क्रिमी लेयरवर, म्हणजे घर सधन गटात मोडत नाही या दाखल्यावर. प्रवेशासाठी काढलेलं राज्याचं प्रमाणपत्र, त्याची मुदत शिल्लक असली तरी, इथे चालत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीच्या नमुन्यातलंच लागतं. सेतू केंद्रात हे ठासून सांगा, नाहीतर नेहमीचंच हातात पडतं. जात केंद्राच्या यादीत आहे का तेही बघा. कुणबी आहे. राज्यात एनटी असलेल्या धनगर मुलांनी केंद्राच्या अर्जात ओबीसी निवडायचं. तिथे एनटी असा गटच नाही.

या दाखल्यासाठी आईवडिलांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाख. त्यात पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे केंद्राच्या 8 सप्टेंबर 1993च्या आदेशातच आहे. तरी धानाचे पैसे जोडून अर्ज अडवतात, आणि पोरगं मुकाट्याने घरी येतं. येऊ नका. आदेशाची प्रत दाखवा, नकार लेखी मागा. (जमिनीचं क्षेत्र आणि आईवडिलांचं पद मात्र वेगळं तपासतात.)

अंतिम निवड मुलाखतीवर, आणि तिथे पाठांतर टिकत नाही. अॅक्टिनाइडांची (युरेनियमच्या कुळातल्या मूलद्रव्यांची) फ्लोराइडं समजून जा. युरेनियम टेट्राफ्लोराइड हिरवं, हजार अंशांच्या वर वितळणारं. हेक्झाफ्लोराइडात फ्लोरिन जास्त, तरी ते 56 अंशांना न वितळताच वाफ होतं. का? पहिल्यात एकेका युरेनियमभोवती आठ फ्लोराइड, तेही शेजारच्या युरेनियमला बांधलेले. दुसऱ्यात सुटे अष्टफलकी रेणू, एकमेकांची ओढ कमी. शिवाय फ्लोरिनचा निसर्गात एकच समस्थानिक, त्यामुळे रेणूंच्या वजनातला फरक फक्त युरेनियमचा. समृद्धीकरण (युरेनियमच्या हव्या त्या समस्थानिकाचं प्रमाण वाढवणं) याच हेक्झाफ्लोराइडावर चालतं ते त्यामुळे. दमट हवेत त्याचं काय होतं, ते समीकरण लिहून बघा: युरेनिल फ्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड आलं पाहिजे.

जाहिरातीची वाट न बघता तहसीलला आत्ताच चौकशी करा. प्रमाणपत्र कोणत्या तारखांमधलं हवं, ते मात्र जाहिरातीत वाचूनच काढा.