नवी डिस्ट्रिक्ट कोर्टे (टेक्सास)

टेक्सासमध्ये गंभीर फौजदारी खटले, घटस्फोट, जमिनीच्या मालकीचे वाद आणि मोठ्या रकमांचे दिवाणी दावे डिस्ट्रिक्ट कोर्टात चालतात. व्यवहारात एका कोर्टाला एकच न्यायाधीश असतो, त्यामुळे न्यायाधीश वाढवायचा तर नवे कोर्टच काढावे लागते आणि त्यासाठी विधिमंडळाचा कायदा लागतो. विधिमंडळाचे नियमित अधिवेशन फक्त विषम वर्षी, जास्तीत जास्त १४० दिवस भरते. ते हुकले की काउंटीची (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाची) सहसा दोन वर्षे जातात. डॅलसच्या उत्तरेकडील कॉलिन काउंटीची लोकसंख्या २००० मध्ये ४,९१,६७५ होती. २०२० मध्ये ती १०,६४,४६५ झाली. अशा ठिकाणी दोन वर्षे फार मोठी.

गरज ठरवताना दाखल खटल्यांची नुसती संख्या फसवते. खून आणि बिनतक्रार घटस्फोट यांना सारखे मोजून चालत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारच्या खटल्याला सरासरी लागणारी मिनिटे दाखल संख्येने गुणतात आणि त्यांच्या बेरजेला एका न्यायाधीशाच्या वर्षभराच्या उपलब्ध मिनिटांनी भागतात.

काउंटीचा कारभार पाहणारे कमिशनर्स कोर्ट (हे नाव असले तरी मुख्यतः प्रशासकीय मंडळ) सहसा ठराव करते आणि स्थानिक आमदार विधेयक मांडतो. कोर्टांचे क्रमांक राज्यभर सलग चालतात. कॉलिनमध्येच १९९वे आहे आणि ४७१वेही. कोर्ट अस्तित्वात आले की पद रिक्त धरले जाते. गव्हर्नर नेमणूक करतो, पुढे सार्वत्रिक निवडणुकीत मतदार न्यायाधीश निवडतात.

खरी अडचण पैशाच्या वाटणीत आहे. न्यायाधीशाचा मूळ पगार राज्य देते. २०२५ मध्ये तो वर्षाला १,४०,००० वरून १,७५,००० डॉलर झाला. बाकी बहुतेक भार काउंटीवर: तारखा लावणारा कोर्ट को-ऑर्डिनेटर, शब्दशः नोंद घेणारा रिपोर्टर, दालनात सुव्यवस्था राखणारा बेलिफ, क्लार्कच्या कचेरीतली माणसे, वाढीव सरकारी वकील. शिवाय १२ ज्युरींना (निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांना) बसायची जागा, त्यांची विचारविनिमयाची खोली आणि कैद्यांसाठी वेगळी वाट असलेले दालन. इमारत आधी आखली नसेल तर नवा न्यायाधीश दुसऱ्याच्या दालनात पाळीने बसतो आणि ज्युरीचे खटले मागे पडतात. २०१७ च्या हार्वे वादळात ह्यूस्टनची फौजदारी कोर्टांची इमारत पुराने निकामी झाली, तेव्हा जुन्या कोर्टांवरही दालने वाटून घेण्याची वेळ आली. दालन तयार व्हायला वेळ मिळावा म्हणून विधेयकात कोर्ट सुरू होण्याची तारीख कधी कधी पुढची घालतात, हेच शहाणपणाचे.

सुरुवातीला जुन्या कोर्टांतले खटले नव्याकडे वळवले जातात. जामीनपत्रे आणि समन्स वैध राहतात, पण तारखा बदलतात. नव्या कोर्टाची सूचना वकील, पक्षकार आणि जामीनदार या सगळ्यांपर्यंत पोचली नाही तर आरोपी जुन्याच दालनापुढे उभा राहतो आणि नव्या कोर्टातून गैरहजेरीबद्दल अटक वॉरंट निघू शकते.