निर्बंधांच्या पोकळीत वाढलेली चिनी शस्त्रपेठ

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यात पीएल-१५ या चिनी क्षेपणास्त्राचे अवशेष सापडले. तेव्हापासून चिनी शस्त्रांविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते, पण बोलणे बहुधा विमान किती दमदार, क्षेपणास्त्राचा पल्ला किती, इथेच अडते. ही शस्त्रे पाकिस्तानात, म्यानमारमध्ये आणि थेट आफ्रिकेत कशी पोहोचली, यामागे साठेक वर्षांची वाटचाल आहे. ती नीट पाहिली तर एक गोष्ट वारंवार दिसते: कोणीतरी पुरवठा रोखला, आणि चीन तिथे हजर झाला.

सुरुवात १९६५ ची. युद्ध पेटताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचीही लष्करी मदत थांबवली. फटका बसला तो मुख्यतः पाकिस्तानला, कारण त्याचे रणगाडे आणि विमाने अमेरिकी होती. चीनने टी-५९ रणगाडे आणि एफ-६ विमाने देऊ केली. पुढे तक्षशिलेला रणगाड्यांच्या आणि कामराला विमानांच्या दुरुस्तीचे कारखाने चिनी मदतीने उभे राहिले. माझ्या मते खरा पाया हाच. विमान काही वर्षांत भंगारात जाते, पण दुरुस्तीचा कारखाना, तिथे तयार झालेले तंत्रज्ञ आणि सुट्या भागांची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते. त्याच कामरात पुढे दोन्ही देशांचे संयुक्त जेएफ-१७ विमान बनू लागले आणि तेथून ते नायजेरिया, म्यानमारलाही गेले.

आफ्रिकेत त्या काळात पैशाचा प्रश्नच नव्हता. वसाहतवादाविरुद्ध लढणाऱ्या संघटनांना माओंचा चीन बंदुका आणि प्रशिक्षण देत होता: मोझांबिकच्या फ्रेलिमोला, झिंबाब्वेच्या झानूला. झिंबाब्वेचे अध्यक्ष झालेले एमर्सन म्नांगाग्वा आणि इरिट्रियाचे इसायास अफवेर्की या दोघांनीही साठच्या दशकात चीनमध्ये लष्करी प्रशिक्षण घेतले होते. जोडीला टांझानिया ते झांबिया हा १,८६० किलोमीटरचा ताझारा रेल्वेमार्ग बिनव्याजी कर्जातून बांधून दिला. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी संयुक्त राष्ट्रांत तैवानच्या जागी बीजिंगला स्थान देणारा ठराव ७६ मतांनी मंजूर झाला. त्यातली सुमारे एक तृतीयांश मते आफ्रिकी देशांची होती.

माओंनंतरचे चीनचे नेते तंग शियाओपिंग यांच्या काळात हिशेब बदलला. संरक्षण कारखान्यांना सरकारी पैसा कमी मिळू लागला आणि निर्यातीतून कमवा, असे सांगण्यात आले. १९८० मध्ये नोरिन्को ही शस्त्रांची सरकारी कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी इराण-इराक युद्ध पेटले. चीनने दोन्ही बाजूंना शस्त्रे विकली. मित्र कोण, शत्रू कोण, हा प्रश्न मागे पडला. सौदी अरेबियाशी झालेला व्यवहार तर अधिकच बोलका. अमेरिकेने क्षेपणास्त्रे द्यायला नकार दिल्यावर सौदीने गुपचूप चीनकडून मध्यम पल्ल्याची डीएफ-३ क्षेपणास्त्रे घेतली. १९८८ मध्ये हे उघड झाले. तोवर तैवानला मान्यता देणाऱ्या सौदीने १९९० मध्ये बीजिंगशी राजनैतिक संबंध जोडले.

१९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या चिनी रणगाड्यांची धूळधाण झाली, शिवाय सोव्हिएत संघ कोसळल्यावर स्वस्त रशियन माल बाजारात आला. चिनी निर्यात काही वर्षे मंदावली. आफ्रिकेशी जवळीक मात्र २००० साली सुरू झालेल्या चीन-आफ्रिका सहकार्य मंचामुळे नव्याने वाढली: तेल, खाणी, कर्जे, रस्ते आणि बंदरे, आणि त्याबरोबर शस्त्रे.

‘अंतर्गत कारभारात ढवळाढवळ नाही’ हे चीनचे धोरण ऐकायला सभ्य वाटते. पण शस्त्रांच्या व्यवहारात त्याचा अर्थ असा की, बंदूक कोणावर रोखली जाणार, हे विक्रेता विचारत नाही. एप्रिल २००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दर्बान बंदरात ‘आन युए जियांग’ हे चिनी जहाज आले. त्यावर झिंबाब्वेच्या सैन्यासाठी ७७ टन शस्त्रे आणि दारूगोळा होता. मार्चमध्ये तिथे मतदान झाले होते, अध्यक्षपदाचा निकाल सरकारने अडवून धरला होता आणि विरोधकांना मारहाण चालू होती. दक्षिण आफ्रिकेचे सरकार हस्तक्षेप करायला तयार नव्हते. गोदी कामगारांच्या संघटनेने मात्र माल उतरवायला साफ नकार दिला. न्यायालयानेही शस्त्रांची वाहतूक रोखली आणि जहाज दर्बान सोडून गेले. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते हेच कामगार.

विकण्याआधी प्रश्न न विचारण्याचा दोष एकट्या चीनचा नाही. पाश्चात्त्य देशांनीही हुकूमशहांना पोसले आहे. फरक एवढाच की त्यांचे दार अधूनमधून बंद होते, आणि ते बंद झाले की गिऱ्हाईक कुठे जाणार हे ठरलेले असते. अमेरिकेने क्षेपणास्त्र नियंत्रण व्यवस्थेचा (क्षेपणास्त्रे आणि मोठे ड्रोन यांच्या प्रसाराला आळा घालणारा काही देशांचा समझोता) आधार घेत बहुतेक देशांना सशस्त्र ड्रोन नाकारले. त्या व्यवस्थेचा सदस्य नसलेल्या चीनने सीएच-३, सीएच-४ आणि विंग लूंग हे ड्रोन नायजेरिया, इराक, सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीला विकले. ४ जानेवारी २०२० रोजी लिबियात त्रिपोलीच्या लष्करी अकादमीवर हल्ला झाला आणि २६ छात्र मारले गेले. तो विंग लूंग ड्रोनने झाल्याचे तपासात दिसून आले.

निर्बंधांचा फास उलटा बसल्याचेही एक उदाहरण आहे. २०१४ च्या लष्करी उठावानंतर अमेरिकेने हात आखडता घेतला तेव्हा थायलंडने चीनशी सलगी वाढवली आणि २०१७ मध्ये पाणबुडीचा करार केला. तिला जर्मन इंजिन बसवायचे होते. पण बीजिंगच्या तियानआनमेन चौकात निदर्शकांवर झालेल्या लष्करी कारवाईनंतर, १९८९ पासून, युरोपची चीनवर शस्त्रबंदी आहे. जर्मनीने इंजिन नाकारले, काम वर्षानुवर्षे रखडले आणि अखेर थायलंडला चिनी इंजिन पत्करावे लागले.

आकडे पाहताना एक भान हवे. शस्त्रव्यापाराची नोंद ठेवणाऱ्या स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेनुसार २०२० ते २०२४ या काळात जागतिक शस्त्रनिर्यातीत चीनचा वाटा जेमतेम ५.९ टक्के होता, अमेरिकेचा ४३ टक्के. आणि चीनच्या निर्यातीतला ६३ टक्के माल एकट्या पाकिस्तानला गेला, तर पाकिस्तानच्या आयातीत चीनचा वाटा ८१ टक्के होता. म्हणजे ही पेठ जगभर पसरलेली दिसली तरी तिचे वजन आपल्या शेजारात आहे. बांगलादेशने २०१७ मध्ये दोन जुन्या चिनी पाणबुड्या नौदलात घेतल्या आणि त्यांच्यासाठीचा कॉक्स बाजारचा तळही चीनच्या मदतीने बांधला. या शर्यतीत भारतही उतरला: २०२० मध्ये त्याने म्यानमारला ‘सिंधुवीर’ ही पाणबुडी दिली. २०२१ च्या फेब्रुवारीत तिथे लष्कराने सत्ता बळकावली, आणि डिसेंबरात म्यानमारच्या नौदलात दुसरी पाणबुडी दाखल झाली, ती चीनने दिलेली.