‘फिफ्टी/फिफ्टी’ म्हणजे ‘दिल बेचारा’ नव्हे

खारघरला ‘ॲक्ट्रेक’ हे टाटाचं कॅन्सर रुग्णालय असल्यामुळे आमच्या भागात कुणाच्या ना कुणाच्या नातेवाइकाची केमो चालूच असते. मग ‘तो कॅन्सरवाला हसरा पिक्चर कुठला रे?’ असं कुणीतरी विचारतं आणि दोन नावांची सरमिसळ होते. दोन्हींत पेशंट तरुण, दोन्हींत विनोद. साम्य एवढंच.

‘दिल बेचारा’ (२०२०) ही प्रेमकथा, जॉन ग्रीनच्या कादंबरीवर बेतलेली. नायिका किझी आपल्या ऑक्सिजन सिलिंडरला पुष्पिंदर म्हणते, नायक मॅनीचा एक पाय गेलाय, मग पॅरिस, रहमानची गाणी आणि शेवटी रुमाल. सुशांतसिंह राजपूत गेल्यावर तो प्रदर्शित झाला, त्यामुळे नुसता सिनेमा म्हणून तो पाहणं अनेकांना जमलंच नाही.

‘फिफ्टी/फिफ्टी’ (२०११) मध्ये प्रेम आहे, पण ते कडेला. सिॲटलच्या रेडिओत काम करणारा २७ वर्षांचा ॲडम पाठ दुखते म्हणून तपासायला जातो आणि मणक्याजवळ ट्यूमर निघतो. डॉक्टर त्याच्याकडे न बघता रेकॉर्डरमध्ये वैद्यकीय भाषेत बोलत राहतो. जगण्याची शक्यता निम्मी, हे तो नंतर इंटरनेटवर वाचतो. पटकथाकार विल रायझरला स्वतःलाच तरुणपणी असा आजार झाला होता आणि त्याचा खरा मित्र सेथ रोगनच पडद्यावर मित्र झालाय.

खरी गंमत आजूबाजूच्या माणसांत आहे. आई बातमी ऐकल्या ऐकल्या ग्रीन टी करायला उठते, त्याने म्हणे कॅन्सरचा धोका १५ टक्क्यांनी कमी होतो. अगं, मला तो झालाय, असं ॲडमला सांगावं लागतं. (आपल्याकडे इथे गव्हांकुराचा रस आला असता.) मित्र काइल तर याच्या आजाराच्या जोरावर पोरी पटवायला बघतो. सगळ्यांना तो उथळ वाटतो, मलाही वाटला. मग त्याच्या बाथरूममध्ये ॲडमला कॅन्सर पेशंटच्या सोबत्यांसाठी लिहिलेलं पुस्तक सापडतं, खुणा करून वाचलेलं. त्याबद्दल काइल चकार शब्द बोललेला नसतो.

म्हणून मनसोक्त रडायचं असेल तर ‘दिल बेचारा’ लावा. फाइल सांभाळत केमोच्या डे-केअरबाहेर बसणाऱ्या भावाला किंवा मित्राला मात्र ‘फिफ्टी/फिफ्टी’ सुचवा. त्यात ॲडम वाचतो, हे आधीच सांगून टाकलं तरी चालेल, पेशंट सोबत बघणार असेल तर सांगाच. फक्त शिव्या आणि गांजा भरपूर आहे, आजी हॉलमध्ये असताना लावू नका.