मशीन सोपं की अवघड हे मोजता येतं

घरात नवीन मोबाईल नाहीतर वॉशिंग मशीन आलं की मोठ्या माणसांचं ठरलेलं असतं, 'मला नाही बाबा यातलं कळत, तूच बघ की', आणि आपणही लगेच मान्य करून टाकतो. मला हे अजिबात पटत नाही. चुकीचं बटण दाबलं गेलं तर आधी बटण तपासायचं, माणूस नंतर.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-17 बॉम्बरचे पायलट विमान उतरवल्यावर पंखाचे फ्लॅप आत घ्यायला जायचे आणि चाकंच आत घेऊन बसायचे, मग विमान धावपट्टीवर पोटावर आपटायचं. पायलटची चूक म्हणून विषय संपायचा. अल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट बघितलं तर दोन्ही कंट्रोल शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच! त्याने चाकांच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा, म्हणजे न बघता हाताला समजावं. पायलट तेच राहिले, घोटाळा थांबला. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसीवर (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनवर) काम करणाऱ्यांना पिवळ्यावरचं ते लाल, फुगीर इमर्जन्सी बटण माहीत आहे, तळहात मारला तरी मशीन थांबतं, त्याच्या मागेही हाच विचार.

मोजायचं काय, तर आयएसओ 9241-11 या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये तीन गोष्टी आहेत: काम पूर्ण झालं का, त्याला वेळ आणि मेहनत किती लागली, आणि वापरणाऱ्याला ते बरं वाटलं का. पण हे सगळं कुठला माणूस, कुठलं काम, कुठल्या जागी हे ठरवूनच मोजायचं, नुसतं 'सोपं आहे' याला काही अर्थ नाही. कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत 7-8-9, मोबाईलवर 1-2-3. खडेबाजारातला दुकानदार दिवसभर दोन्ही वापरतो, एकाची सवय दुसऱ्यावर आडवी येते, यात त्याचा काय दोष?

आपल्या भागासाठी सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे कीबोर्ड. सरकारी स्टँडर्डचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घ्या, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, 'के'च्या बटणावर क, शिफ्ट धरून दाबलं की ख. आणि कन्नडला बदललं तरी तेच! त्याच बटणावर कन्नड क, त्याच बटणावर ख. म्हणजे निपाणी, खानापूरच्या पोराने बोटं एकदा बसवली की मराठी अर्ज आणि कन्नड अर्ज दोन्ही त्याच हाताने टाइप होतात. तरी बहुतेक लोक इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतात, कारण त्याला पहिल्या दिवशी काही शिकावं लागत नाही. पण तिथे 'टी' दाबलं की त हवा का ट हे दरवेळी सांगायचं किंवा यादीतून निवडायचं, ते कायमचं मागे लागतं. इंग्रजी अक्षरांचा शिकायला सोपा, इन्स्क्रिप्ट रोज वापरायला, आणि पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये इंग्रजी अक्षरांचाच जिंकणार. म्हणून टेस्ट महिन्याभराने परत घ्यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

ऑपरेटिंग सिस्टीममध्येही असंच. मॅकचा मेनू स्क्रीनच्या अगदी वरच्या कडेला असतो, माउस कितीही जोरात ढकला, कडेला थांबतोच, नेम चुकून पुढे जात नाही. खिडकीच्या आतल्या मेनूवर मात्र नेम धरावा लागतो. टार्गेट लांब आणि लहान असेल तर वेळ जास्त लागतो हे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये सूत्रात मांडलं होतं.

मॅन्युअलचं काय? आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या जॉन कॅरोलने बघितलं की लोक जाड मॅन्युअल वाचत बसत नाहीत, सरळ कामाला लागतात आणि अडकतात. मग त्याने अगदी बारीक मॅन्युअल केलं, काम सांगायचं आणि चुकलं तर बाहेर कसं पडायचं ते सांगायचं, बाकी सगळं काढून टाकलं. लोक त्याच्यावरून लवकर शिकले.

दोन मशीन तुम्हाला घरीही ताडून बघता येतील. चार-पाच जणांना एकच काम द्या, शेजारी गप्प बसा (हेच सगळ्यात अवघड), वेळ आणि चुका लिहा. माणसं निवडताना फक्त इंग्लिश मीडियमची पोरं घेऊ नका. एटीएमवर कन्नड, इंग्रजी, हिंदी आलं की आपल्याकडची बरीच म्हातारी माणसं हिंदी दाबतात, कारण लिपी ओळखीची असते, भाषा नसली तरी. कन्नड शाळेत शिकलेला, मराठी शाळेत शिकलेला, आणि चाळशीवाली एक आजी, एवढी तरी टेस्टमध्ये पाहिजेतच.