बडोद्याची वेशभूषा-परंपरा (चित्र, नाटक, चित्रपट)

भारतीय पडद्यावरची देवी, राणी आणि पतिव्रता कशी दिसावी, हे चित्रपट जन्माला येण्याआधीच बरेचसे ठरून गेले होते. ते ठरवण्यात गायकवाडांच्या बडोद्याचा वाटा फार मोठा आहे. चित्रपटाचा इतिहास लिहिताना मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक ही नावे हटकून येतात, बडोद्याचे मात्र क्वचितच निघते. वेशभूषेपुरते बोलायचे तर हा अन्यायच आहे.

राजा रविवर्मा (१८४८–१९०६) १८८१ साली, सयाजीराव गायकवाडांच्या हाती राज्याधिकार आले त्या सुमारास, बडोद्याला आले. दिवाण सर टी. माधवराव पूर्वी रविवर्मांच्या त्रावणकोर संस्थानाचे (आजच्या केरळातले) दिवाण होते, त्यामुळे या चित्रकाराची पारख त्यांना होती. पुढे १८८८ मध्ये सयाजीरावांनी लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचे काम रविवर्मांना दिले. नळ-दमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा हे त्यातले काही विषय. कथा सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या, अडचण आली ती कपड्यांची. दमयंतीने नेसायचे काय? रविवर्मा आणि त्यांचे चित्रकार बंधू राजराज वर्मा यासाठी उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. साऱ्या देशाने आपला म्हणावा असा एकही प्राचीन वेश त्यांना सापडला नाही. शेवटी त्यांनी साडी निवडली. ज्या मुलखात ते वाढले तिथे बायका मुंडू, म्हणजे कमरेला गुंडाळायचे साधे वस्त्र, नेसत, म्हणजे ही निवड सवयीतून आलेली नव्हती, विचारपूर्वक केलेली होती.

बडोद्याच्या दरबारात निवडीला साहित्यही भरपूर होते. सयाजीरावांच्या पहिल्या राणी, पहिल्या चिमणाबाई, तंजावरच्या मराठी राजघराण्यातल्या. १८८० च्या सुमारास लग्न होऊन त्या आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकीही आल्या. दक्षिणेचे दागिने आणि देशावरचे लुगडे असे एकाच वाड्यात पाहायला मिळू लागले. रविवर्मांनी या राणीचे व्यक्तिचित्रही काढले आहे.

ही चित्रे आणि त्यांच्या सोबतची इतर चित्रे आज राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. त्यातली १८९६ ची सरस्वती नीट पाहावी. पाण्याकाठच्या शिळेवर ती बसली आहे, हाती वीणा, जवळ मोर. अंगावर पांढरी साडी आणि तिला जरीचा काठ. रविवर्मांचे खरे कसब त्या कापडाच्या वजनात आहे. जरीकाठाचा भार कापडाला खाली ओढतो, निऱ्या त्याच भाराने पडतात, आणि पदर खांद्यावर जिथे ठेवला तिथेच राहतो. त्याच वर्षीची लक्ष्मी कमळावर उभी आहे, तिची साडी लालसर, काठ सोनेरी. या देवी परक्या वाटत नाहीत. शेजारच्या वाड्यातून हळदीकुंकवाला आलेल्या सुवासिनीसारख्या त्या समोर येतात. आनंद कुमारस्वामींसारख्या समीक्षकांना ही चित्रे नाटकी वाटली. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, पण चित्रपटाला पुढे जे हवे होते ते नेमके याच नाटकीपणात तयार होते.

१८९४ मध्ये रविवर्मांचा शिळाप्रेसचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांनी लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातली देवी घराघरांतल्या देवघरात पोहोचली ती या छापील चित्रांमुळे. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचे नाव इथे दोन्ही बाजूंनी जोडलेले आहे. ते बडोद्याच्या कलाभवनाचे, म्हणजे तिथल्या कला-कारागिरीच्या शाळेचे, विद्यार्थी होते, आणि पुढे रविवर्मांच्या छापखान्यासाठी त्यांनी फोटोलिथोचे, म्हणजे छायाचित्रणाच्या मदतीने शिळाछपाईचे, कामही केले. ३ मे १९१३ रोजी त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला. त्यातल्या सुरुवातीच्या दृश्यातील पात्रांची मांडणी रविवर्मांच्या चित्रांची आठवण करून देते, हे अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली, कारण पडद्यावर यायला बायका तयार नव्हत्या. त्या काळच्या फिल्मवर लाल रंग काळा उठे आणि निळा जवळपास पांढरा. रविवर्मांचे रंग त्यामुळे पडद्यावर येणे शक्यच नव्हते. आले ते काठ, पदराचा सोगा, मुकुटाची उंची आणि उभे राहण्याची ढब. पौराणिक चित्रपटांचा कपडेपट पुढची कित्येक वर्षे याच भांडवलावर चालला.

याच्या दीड वर्ष आधी बडोद्याचा एक वेश खऱ्या अर्थाने पडद्यावर गाजला होता. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात संस्थानिकांनी पंचम जॉर्जसमोर मुजऱ्याला जायचे होते. सगळे भरजरी पोशाखात, हिऱ्यामोत्यांनी मढलेले. सयाजीराव गेले ते साध्या पांढऱ्या पोशाखात, नेहमीचे जडजवाहीर न घालता, हातात काठी घेऊन. ते एकदाच लवले आणि पाठ फिरवून परतले. कॅमेरे चालू होते. ही फिल्म लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवली गेली, इंग्रजी वर्तमानपत्रांनी गदारोळ केला आणि महाराजांना व्हाइसरॉयला दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. हिंदुस्थानी माणसाच्या कपड्यांवरून चलच्चित्राच्या साक्षीने उठलेले हे अगदी सुरुवातीचे वादळ म्हणता येईल. ज्याच्या खजिन्यात ‘स्टार ऑफ द साउथ’ हिरा होता, त्याने जडजवाहीर न घालता जाणे याचा अर्थ सगळ्यांना बरोबर समजला.

रंगभूमीवर तारकेचा थाट आला तो नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्याबरोबर. त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीला बडोदे दरबाराचा आश्रय होता. मंडळीच्या कपडेपटात खरे शालू आणि खरी पैठणी असे, खर्चाकडे बालगंधर्व पाहत नसत, आणि मंडळी कर्जात बुडाली त्याला हा हौशी हातही कारण होता. त्यांचे नेसणे, अंबाडा, गजरा माळण्याची तऱ्हा घरंदाज बायका उचलत. पुरुष नटाकडे पाहून बायकांनी पदर घ्यायला शिकावे, ही मराठी समाजातली विलक्षण घटना आहे, आणि आज सिनेतारकांच्या बाबतीत जे घडते त्याचे पहिले रूपही तेच.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. त्यानंतर महिन्याच्या आत, २० फेब्रुवारीला, ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बडोद्यात झाला. बालगंधर्व त्यात सिंधू झाले. दारूपायी संसार उधळलेल्या नवऱ्याची ही बायको जात्यावर दळते, तिच्या अंगावर फाटके, ठिगळ लावलेले लुगडे. ‘मानापमान’मधली भामिनी आणि ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी यांच्या थाटात ज्यांना पाहिले, त्यांना प्रेक्षकांनी या वेशातही तितक्याच ओढीने पाहिले. वेशभूषा म्हणजे नटवणे नव्हे, पात्राची परिस्थिती अंगावर आणणे होय, याचा मराठी रंगभूमीवरचा इतका ठसठशीत दाखला दुसरा सांगता येणार नाही. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व पडद्यावर आले, तेही संत एकनाथांच्या पुरुषवेशात. ज्या नेसण्यासाठी लोक त्यांना ओळखत तेच त्यात नव्हते, आणि प्रेक्षकही फारसे रमले नाहीत.

राजघराण्यातल्या स्त्रियांकडे लोकांचे लक्ष असे ते वेगळ्या कारणाने. सयाजीरावांच्या दुसऱ्या राणी, दुसऱ्या चिमणाबाई, यांनी १९१४ मध्ये पडद्याची चाल सोडली आणि नऊवारीतली महाराणी सभांमध्ये उघडपणे दिसू लागली. त्यांच्या कन्या इंदिराराजे (१८९२–१९६८) यांनी १९११ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेले लग्न स्वतः मोडले आणि १९१३ मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी केले. पती १९२२ मध्ये वारले. त्यानंतर इंदिराराजे पांढरी साडी नेसत, पण कापड फ्रान्सचे शिफॉन. जड रेशमापेक्षा ते हलके, उन्हाळ्यात सुसह्य, आणि सुती साडीपेक्षा समारंभाला शोभणारे. फेरागामो या इटालियन कारागिराकडून त्या जोडे करवून घेत. शिफॉनची साडी प्रतिष्ठित स्त्रियांत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्या कन्या, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी (१९१९–२००९), यांनी तीच साडी फिक्या रंगांत नेसून छायाचित्रांतून देशभर नेली. हिंदी चित्रपटातील नायिकेच्या अंगावर वाऱ्यात उडणारे शिफॉन आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि तोवर श्रीमंती व सौंदर्य यांचा या कापडाशी असलेला संबंध प्रेक्षकांच्या मनात पक्का झालेला होता.