पासबुकातला तिसरा रकाना: पीएफ आणि पीएफची पेन्शन

पीएफचं पासबुक उघडलं की तीन रकाने दिसतात. पहिल्यात कामगाराची वर्गणी, दुसऱ्यात मालकाची, तिसऱ्यात पेन्शनची. पहिल्या दोन रकान्यांत वर्षाअखेरीला व्याज जमा होतं. तिसऱ्यात कधीच होत नाही. फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे जण या रकान्यावर बोट ठेवून विचारतात, ‘यातले पैसे कधी निघणार?’ हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेकांचं म्हातारपणीचं उत्पन्न गेलेलं मी पाहिलं आहे. आमच्या घरातही ते झालं.

कामगाराच्या मूळ पगारातून आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये. मालकही १२ टक्के भरतो, पण त्याच्या रकमेचे दोन वाटे होतात: ८.३३ टक्के पेन्शन योजनेत आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. पेन्शनचा वाटा पगार कितीही असला तरी १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच मोजतात, म्हणून पासबुकात तो १,२५० च्या पुढे सरकत नाही. मालकाचं त्यावरचं सगळं पीएफमध्ये जातं. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि तेव्हाच पगार १५,००० च्या वर असलेल्या माणसाला पेन्शन योजनेत घेतच नाहीत. त्याच्या पासबुकातला तिसरा रकाना रिकामा असतो आणि मालकाचे पूर्ण १२ टक्के दुसऱ्या रकान्यात पडतात. रिकामा रकाना पाहून घाबरलेल्या तरुण मुलांना हे एवढंच सांगावं लागतं.

पीएफबद्दल फार बोलायला नको. १९५२ च्या कायद्याने आलेली ती बचत आहे, तुमच्या नावावरची. जेवढं जमलं तेवढं व्याजासह तुमचं. २०२४-२५ साठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. नव्वदच्या दशकात तो १२ होता. व्याज कमी झालं तर वाढ कमी होते, पण जमा झालेली रक्कम तुमचीच राहते आणि ती पैशापैशाने दाखवता येते.

पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली, म्हणून तिला ‘ईपीएस ९५’ म्हणतात. तिच्यात तुमच्या नावाचं खातं नाही. देशभरातल्या मालकांचे १,२५० रुपये एकाच मोठ्या हौदात पडतात आणि त्याच हौदातून आजचे निवृत्त, विधवा आणि अनाथ मुलं यांना पैसे दिले जातात. पासबुकातला आकडा म्हणजे तुमच्यासाठी हौदात किती पाणी ओतलं याची नोंद. तुम्हाला किती मिळणार हे त्या आकड्यावर ठरत नाही. त्यासाठी सूत्र आहे: शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०.

एक उदाहरण धरू. सप्टेंबर २००४ ते ऑगस्ट २०२४, अशी २० वर्षं एकाने नोकरी केली आणि त्याचा पगार कायम मर्यादेच्या वर राहिला. २०१४ च्या सप्टेंबरपर्यंत मर्यादा ६,५०० ची होती, म्हणून पहिली दहा वर्षं ६,५०० वर मोजतात: ९२९ रुपये. नंतरची दहा १५,००० वर: २,१४३ रुपये. एकूण ३,०७२ च्या आसपास. २० वर्षं पूर्ण केल्याबद्दल सेवेत दोन वर्षं वाढवून मिळतात, तरी साडेतीन हजारांच्या वर काही जात नाही. शेवटचा पगार ४०,००० असलेल्या माणसाला हा आकडा सांगताना जीभ जड होते. त्याला वाटतं पैसे कोणी खाल्ले. कोणी खाल्लेले नसतात. सूत्रात त्याचा ४०,००० चा पगार कधी शिरलेलाच नसतो.

वीस वर्षांत त्याच्या नावाने हौदात पडलेले पैसे, व्याज न धरता, साधारण २ लाख १५ हजार. वर्षाला ३६-३७ हजार पेन्शन म्हणजे सहा वर्षांच्या आत तेवढे परत येतात आणि पेन्शन पुढेही चालू राहते. तो ९० पर्यंत जगला तर हौद त्याला पोसतो. ५९ व्या वर्षी गेला आणि मागे कोणी नसेल तर बाकीचं हौदातच राहतं. २००८ नंतर पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घ्यायची सोयही उरली नाही.

आता आमच्या घरचं. वडील १९९६ मध्ये सूतगिरणीत लागले. सात वर्षांनी गिरणी सोडली, तेव्हा बाकीच्यांसारखे त्यांनीही ‘फंड काढला’. पीएफसाठी १९ नंबरचा फॉर्म आणि सोबत पेन्शनच्या पैशांसाठी १० सी, दोन्हींवर सह्या केल्या. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर पेन्शनचा वाटा एकरकमी मिळतो. तक्त्यावरून काढलेली ती छोटी रक्कम घराच्या छपराला लागली. पण त्या सहीने सात वर्षांची सेवाही पुसली गेली. पुढे दुसरीकडे आठ वर्षं काम केलं आणि तेव्हाही तेच केलं. एकूण पंधरा वर्षांची सेवा आणि पेन्शन शून्य. त्याच १० सी फॉर्मवर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं, आणि ते पुढच्या नोकरीत दिलं की सेवा जोडली जाते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. ते सर्टिफिकेट घेतलं असतं तर आज माझ्या आईला महिन्याला हजारभर रुपये तरी आले असते.

म्हणून नोकरी बदलताना दोन्हींकडे वेगळं पाहावं लागतं. खातं बदली केलं की पीएफची रक्कम नव्या पासबुकात येते, पण तिसऱ्या रकान्यात जुने पैसे आलेले दिसत नाहीत. ‘माझी पेन्शन बुडाली’ म्हणून लोक धावत येतात. बुडालेली नसते. पेन्शनच्या बाबतीत फक्त सेवेची वर्षं पुढे जातात, आणि तीच पाहायची असतात. साडेनऊ वर्षं भरली की दहा धरतात. दहा झाली की एकरकमीचा दरवाजा बंद होतो आणि ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क मिळतो; तेव्हा पेन्शनसाठी १० डी फॉर्म भरायचा. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते.

माणूस गेल्यावरही दोन वाटा आहेत. पीएफची रक्कम नॉमिनीला मिळते. पेन्शन मात्र कुटुंब असेल तर नॉमिनीचं नाव न पाहता आधी पत्नीला किंवा पतीला जाते, शिवाय २५ वर्षांखालच्या दोन मुलांना. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन लागते. दहा वर्षांची अट तिथे नाही. ही गोष्ट न कळल्यामुळे अर्जच न केलेल्या बायका मला भेटल्या आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

पीएफ आणि पेन्शन या दोन गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या त्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. पूर्ण पगारावर पीएफ भरणाऱ्या जुन्या सभासदांना पूर्ण पगारावर पेन्शन मागायची संधी मिळाली. त्यासाठी पीएफमधले काही लाख रुपये, व्याजासकट, पेन्शनच्या हौदात वळवायचे होते. ज्यांनी पीएफ काढून घर बांधलं होतं त्यांनी ते परत आणून भरायचे. आपले, मोजता येणारे, मुलांना देता येणारे पैसे सोडायचे आणि बदल्यात मरेपर्यंत महिन्याची रक्कम घ्यायची. मी लोकांना एवढंच विचारायचो: तब्येत कशी आहे, आणि बायको तुमच्यापेक्षा किती लहान आहे? बायको दहा वर्षांनी लहान असेल तर पेन्शन, दोघांनाही दुखणी असतील तर पीएफ, असा माझा कल असायचा.

मोठी संख्या मात्र अशा लोकांची आहे ज्यांना पर्यायच नव्हता: साखर कारखान्यांचे, दूध संघांचे, एसटीचे निवृत्त. त्यांची पेन्शन महागाईशी जोडलेली नाही. निघाली त्या दिवशी जेवढी, तेवढीच. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे.  पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभा समितीने २०१३ मध्येच किमान ३,००० सुचवले होते. निवृत्तांची आजची मागणी ७,५०० आणि महागाई भत्त्याची आहे, आणि त्यासाठी बुलढाण्यात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर डिसेंबर २०१८ मध्ये बसलेलं साखळी उपोषण वर्षानुवर्षं चाललं.

हे पैसे तीनच ठिकाणांहून येऊ शकतात. एक, केंद्र सरकारचा वाटा. तो १.१६ टक्के आहे, म्हणजे एका कामगारामागे महिन्याला जास्तीत जास्त १७४ रुपये. किमान पेन्शनची भर याच वाटेने वाढवावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ज्या कामगाराचा पगार उभ्या जन्मात मर्यादेलाही टेकला नाही त्याच्याकडून आणखी मागण्यासारखं काही नाही. दोन, मालकाकडून जास्त वर्गणी. तीन, पगाराची मर्यादा वाढवणं, आणि चर्चा बहुतेक याचीच होते. समजा मर्यादा २५,००० झाली. २५,००० पगाराच्या माणसासाठी मालक आज ३,००० भरत असेल तर त्यातले १,२५० पेन्शनला आणि १,७५० पीएफला जातात. मर्यादा वाढल्यावर पेन्शनला जवळपास २,०८२ जातील आणि पीएफला ९१८ उरतील. मालकाच्या खिशातून एक रुपया जास्त गेलेला नसेल, सरकारच्या वाट्यात काही रुपयांची भर पडेल, आणि दुसऱ्या रकान्यातले ८३२ रुपये दर महिन्याला तिसऱ्यात सरकलेले असतील.